क्रीडा प्रशिक्षकांचे शिक्षण : प्रमाणपत्र आणि मैदान

बुलडाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हे गाव लागते. बल्लाळदेवीच्या मंदिरामुळे ते पंचक्रोशीला परिचित आहे. वऱ्हाडातील अशा कोणत्याही मोठ्या गावात एखाद्या मुलाला वा मुलीला खेळ शिकायचा असेल, तर त्यांच्यासमोर मोजकीच दारे असतात. शाळेतील क्रीडाशिक्षक, गावातील एखादा जुना पहिलवान वा कबड्डीपटू आणि पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करून घेणारा एखादा तरुण मार्गदर्शक. या तिघांपैकी ज्याच्या हाती मूल पहिल्यांदा पडते, तोच त्याचा पहिला प्रशिक्षक ठरतो. त्याचे शिक्षण किती, कोणते आणि ते उपयोगी पडते का, हा प्रश्न त्यामुळे केवळ पतियाळा वा बालेवाडीपुरता उरत नाही.

भरतीचे उदाहरण या बाबतीत पुरेसे बोलके आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांसाठी १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचा समावेश असतो, तर मुलींसाठी लांब अंतराची धाव ८०० मीटरची असते. जाहिरात निघाली की गावोगावचे तरुण पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. सराव एकदम वाढवू नये, कठीण पृष्ठभागावर रोज धावल्यास नडगीचे दुखणे बळावते, विश्रांतीचा दिवस हाही सरावाचाच भाग असतो, या शरीरशास्त्रातील प्राथमिक गोष्टी आहेत. त्या ठाऊक असलेला मार्गदर्शक मिळाला तर उमेदवार मैदानापर्यंत धडधाकट पोहोचतो. न मिळाल्यास कित्येकांची भरती चाचणीपूर्वीच संपते. प्रशिक्षकाच्या शिक्षणाची किंमत अशी शिकणाऱ्याच्या पायावर मोजली जाते.

तालमीपासून पदविकेपर्यंत

महाराष्ट्रात खेळ शिकविण्याची परंपरा जुनी आहे. कोल्हापूरच्या तालमींतील वस्ताद हा त्या परंपरेचा मानबिंदू. मल्ल घडविण्याचे ज्ञान तेथे पुस्तकातून येत नसे. वर्षानुवर्षे आखाड्यात राहून, मोठ्यांच्या लढती पाहून आणि लहानांना लढवून ते अंगी मुरत असे. या पद्धतीची ताकद मोठी होती, तशी तिची मर्यादाही होती. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीची सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. पुढील चार वर्षांत त्यांनी ही उणीव भरून काढली आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परंपरेने दिलेल्या बळाला नियम आणि तंत्र यांच्या पद्धतशीर ज्ञानाची जोड लागते, हा धडा त्यातून मिळाला.

औपचारिक शिक्षणाची सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. विदर्भात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये उभे राहिले आणि त्याच संस्थेने १९७७ मध्ये चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था स्थापन केली. बुलडाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना यांपैकी सर्वांत जवळचे केंद्र अमरावतीचे. वऱ्हाडातील क्रीडाशिक्षकांच्या अनेक पिढ्या तेथूनच बाहेर पडल्या.

या संस्थांचा भर प्रामुख्याने शारीरिक शिक्षणावर होता. विशिष्ट खेळाचा प्रशिक्षक तयार करण्याचा राष्ट्रीय पातळीवरील प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. १९५३ मध्ये राजकुमारी अमृत कौर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि ७ मे १९६१ रोजी पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली. १९७३ मध्ये तिला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांनी याच संस्थेत मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले. 'एनआयएस' ही तीन अक्षरे पुढे भारतातील प्रशिक्षकाच्या पात्रतेची खूण बनली.

शिक्षक वेगळा, प्रशिक्षक वेगळा

सर्वसामान्य पालकांच्या मनात क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक यांची नेहमी गल्लत होते. दोघांचे शिक्षण वेगळे आणि कामही वेगळे.

बी.पी.एड. ही शाळेत शारीरिक शिक्षण शिकविण्यासाठीची पदवी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार तिचा कालावधी दोन वर्षांचा झाला. त्यापूर्वी तो एक वर्षाचा होता. या पदवीधारकाने वर्गातील सर्व मुलांना, मग त्यांत गुणवान असोत वा नसोत, हालचालींची गोडी लावावी आणि आरोग्याची सवय लावावी, अशी अपेक्षा असते.

एनआयएसची क्रीडा प्रशिक्षण पदविका ही एकाच खेळातील तज्ज्ञासाठी असते. साधारण वर्षभराच्या या निवासी अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी पदवीबरोबरच त्या खेळातील स्पर्धात्मक कामगिरीही लागते. सरावाचे शास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया, जीवयांत्रिकी, मानसशास्त्र आणि निवडलेल्या खेळाचे तंत्र असे विषय त्यात असतात. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे.

तिसरा मार्ग खेळांच्या संघटनांचा. फुटबॉलमध्ये आशियाई महासंघाच्या परवान्यांची उतरंड आहे. भारतात 'डी' परवान्यापासून सुरुवात करून प्रशिक्षक टप्प्याटप्प्याने वर जातो. क्रिकेट नियामक मंडळाचे अभ्यासक्रम स्तरनिहाय आहेत. ॲथलेटिक्स व तिरंदाजी या खेळांच्या जागतिक संघटनाही अशाच पातळ्यांवर प्रमाणपत्रे देतात. हे अभ्यासक्रम अल्प मुदतीचे असले तरी नव्या नियमांशी व तंत्राशी त्यांचा संबंध ताजा असतो.

परिणामकारकता मोजायची कशी?

शिक्षण घेतलेला प्रशिक्षक अधिक चांगला असतो का, या प्रश्नाचे उत्तर 'चांगला' या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा यावर अवलंबून आहे. पदके हा एकच निकष लावला, तर फार थोड्या प्रशिक्षकांचे मूल्यमापन होऊ शकते. शिवाय गुणवान खेळाडू ज्याच्या वाट्याला आला, तो श्रेष्ठ ठरतो. केंद्र सरकारचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. त्याचा नियमित विभागही खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीवरच मुख्यतः उभा आहे. गावातील शंभर मुलांना दहा वर्षे मैदानावर टिकवून ठेवणारा प्रशिक्षक या मोजपट्टीत कोठेच दिसत नाही.

क्रीडा मानसशास्त्रातील संशोधनाने वेगळी मोजपट्टी सुचविली आहे. जीन कोटे आणि वेड गिल्बर्ट यांनी २००९ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार प्रभावी प्रशिक्षकाला तीन प्रकारचे ज्ञान लागते. पहिले खेळाचे, दुसरे माणसांशी वागण्याचे आणि तिसरे स्वतःला पारखण्याचे. या ज्ञानाचा परिणाम खेळाडूचे कौशल्य, आत्मविश्वास, नातेसंबंध आणि चारित्र्य या चार गोष्टींवर दिसला पाहिजे. आपल्याकडील बहुतेक अभ्यासक्रमांचा भर यांतील पहिल्या प्रकारावर असतो.

दुसऱ्या प्रकारचे ज्ञान शिकविता येते आणि त्याचा परिणामही दिसतो, याचा पुरावा अमेरिकेत मिळाला. रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मोल यांनी मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांसाठी एक छोटा अभ्यासक्रम तयार केला. चुकीवर ओरडण्याऐवजी ती सुधारण्याची रीत सांगावी, प्रयत्नाचे कौतुक करावे, निकालापेक्षा प्रगतीवर बोलावे, असे त्याचे साधे सूत्र होते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रशिक्षित प्रशिक्षकांच्या हाताखालील मुलांना खेळाचा अधिक आनंद मिळाल्याचे आढळले. ज्या मुलांचा स्वतःवरील विश्वास कमी होता, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. १९९२ मध्ये याच पद्धतीवर नॅन्सी बार्नेट यांच्यासह प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष अधिक ठसठशीत होता. अवघ्या अडीच तासांची कार्यशाळा केलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील सुमारे ५ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला. इतर संघांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. विशेष म्हणजे दोन्ही गटांच्या जय-पराजयात फरक नव्हता. अभ्यासातील प्रशिक्षकांची संख्या लहान होती, हे खरे. तरीही मुलांच्या खेळात प्रशिक्षकाच्या शिक्षणाचे पहिले फळ गुणफलकावर नव्हे, तर हजेरीपटावर दिसते, हे त्यातून स्पष्ट झाले.

पदविका, मैदान आणि पदके

भारतातील अनुभव दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. पी. टी. उषा यांना घडविणारे ओ. एम. नंबियार हवाई दलातून निवृत्त झाले आणि पतियाळाची पदविका घेऊन केरळच्या क्रीडा परिषदेत रुजू झाले. कन्नूरच्या क्रीडा विभागात त्यांनी शाळकरी उषामधील गुण हेरले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. पुढच्याच वर्षी नंबियार द्रोणाचार्य पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत होते. महाराष्ट्रात नाशिकचे उदाहरण असेच आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तेथे आदिवासी भागातील मुलींना लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी तयार केले. त्यांच्या शिष्या कविता राऊत हिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्य, तर ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. शासनाने नेमलेला प्रशिक्षक एका मैदानावर दीर्घकाळ राहिला तर काय घडते, याचा हा वस्तुपाठ होय.

दुसरीकडे शिवाजी पार्कवरील रमाकांत आचरेकर यांची शाळा होती. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्या या प्रशिक्षकाची कीर्ती कोणत्याही अभ्यासक्रमावर उभी नव्हती. विद्यार्थ्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणे, दिवसभरात जास्तीत जास्त वेळा प्रत्यक्ष सामन्यात फलंदाजीची संधी देणे, यष्टीवर नाणे ठेवून बाद न होण्याची जिद्द जागविणे ही त्यांची पद्धत मैदानातच जन्मली. सामन्यासारख्या परिस्थितीत केलेला सराव अधिक उपयोगी ठरतो, असे आज क्रीडाशास्त्र सांगते. आचरेकर सरांना ते अनुभवातून उमगले होते.

बुलडाणा जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही. बुलडाण्यात चंद्रकांत इलग यांनी पोलीस दलातील नोकरी सांभाळून तिरंदाज घडविले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकाराच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सचा अव्वल तिरंदाज माइक श्लोसर याला १४९-१४८ असे नमविले. त्याच वर्षी हांगझू आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात अभिषेक वर्मा व नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत प्रथमेशही होता. जिल्हा पोलीस दलातील मोनाली जाधव हिने २०१९ मध्ये चीनमधील चेंगडू येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीत सुवर्णयश मिळविले, तेही याच मैदानावरील सरावाच्या बळावर. पन्नास मीटरवरून १५ बाणांत १५० पैकी १४९ गुण हे केवळ जिद्दीचे काम नाही. धनुष्याची जुळणी, श्वासाचे नियंत्रण, बाण सोडण्याची एकसारखी क्रिया आणि रोजच्या नोंदी यांचे काटेकोर ज्ञान त्यामागे असते. हे ज्ञान जिल्ह्याच्या ठिकाणी रुजू शकते, एवढे बुलडाण्याने दाखवून दिले.

नीरज चोप्रा याची वाटचालही हेच सांगते. पानिपतच्या मैदानावर त्याच्या हाती पहिल्यांदा भाला दिला तो जयवीर या ज्येष्ठ खेळाडूने. २०२१ मध्ये टोकियोत सुवर्णपदक जिंकले तेव्हा सोबत होते जीवयांत्रिकीचे जर्मन तज्ज्ञ क्लाउस बार्टोनिट्झ. पहिल्या टप्प्यावर गोडी लावणारा आणि शेवटच्या टप्प्यावर शास्त्र जाणणारा, असे दोघेही लागतात. मधली साखळी तुटली तर पहिल्याचे श्रम वाया जातात.

अभ्यासक्रम कोठे कमी पडतात?

प्रशिक्षक कसे शिकतात, यावरील अनेक देशांतील पाहण्यांत एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे. वर्गातील व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष अनुभवातून आणि सहकारी प्रशिक्षकांशी झालेल्या चर्चेतून अधिक शिकलो, असे प्रशिक्षक स्वतः सांगतात. याचा अर्थ अभ्यासक्रम निरुपयोगी आहेत असा नाही. अनुभवातून शिकलेले बरोबर की चूक, हे ओळखण्याची दृष्टी अभ्यासक्रम देतो. वीस वर्षे चुकीच्या पद्धतीने शिकविणाऱ्याकडेही वीस वर्षांचा अनुभव असतोच. अडचण आहे ती अभ्यासक्रम संपल्यावर येणाऱ्या एकाकीपणाची. परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळाले, त्यानंतर त्या प्रशिक्षकाचा सराव पाहायला आणि चार गोष्टी सांगायला कोणी येत नाही. वैद्यकीय पदवीधराला आंतरवासिता असते. नवा क्रीडा प्रशिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून एकटाच असतो.

काही विषय अनुभवावर सोडताच येत नाहीत. उत्तेजकांचे नियम त्यांपैकी एक. बंदी असलेला पदार्थ शरीरात सापडला की जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. तो नकळत घेतला, ही सबब सहसा पुरत नाही. गावातील मार्गदर्शकाने चांगल्या हेतूने दिलेली पावडर वा गोळी एखाद्याची कारकीर्द संपवू शकते. मुलामुलींच्या सुरक्षिततेचे नियम, डोक्याला मार लागल्यावर घ्यावयाची काळजी, उन्हाळ्यातील सरावात पाण्याचे प्रमाण, वाढीच्या वयातील मुलांवर वजनाचा भार किती टाकावा, मुलींच्या आरोग्याशी निगडित प्रश्न या साऱ्यांबाबत 'अनुभवाने कळेल' असे म्हणणे म्हणजे चुकीची किंमत मुलांकडून वसूल करणे होय.

गावापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न

खरा पेच पुढे आहे. ज्यांचे शिक्षण सर्वाधिक झालेले असते, ते प्रशिक्षक तयार खेळाडूंबरोबर राष्ट्रीय शिबिरांत वा मोठ्या शहरांत काम करतात. मूल पहिल्यांदा धावते, उडी मारते, पडते, तेथे शिक्षण सर्वांत कमी पोहोचते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक विद्यार्थी असतील, तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक बंधनकारक आहे. लहान गावांतील अनेक शाळा या अटीतच बसत नाहीत. तेथे खेळाचा तास भाषेचे वा गणिताचे शिक्षक घेतात, किंवा तो होतच नाही.

या बाबतीत आइसलँडचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. लहान लोकवस्तीच्या या देशाने फुटबॉलमध्ये लहान मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षकच शिकवील, असे धोरण आखले. प्रशिक्षकांचे शिक्षण परवडणारे आणि सर्वांना खुले ठेवले. २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवून हा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. बंदिस्त मैदाने, सुबत्ता आणि लहान आकार यांचाही त्यात वाटा होता. तरीही उत्तम शिक्षण तळाशी नेण्याचे तत्त्व कोठेही लागू पडू शकते.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाची तरतूद केली. खेलो इंडिया योजनेखाली माजी खेळाडूंना जिल्हास्तरीय केंद्रांत प्रशिक्षक म्हणून काम देण्याचीही व्यवस्था झाली. खेळलेल्या माणसाला शिकविण्याचे काम मिळणे स्वागतार्ह आहे. पण उत्तम खेळणे आणि उत्तम शिकविणे या दोन भिन्न कला आहेत. माजी खेळाडूला शिकविण्याचे शिक्षण मिळाले, तरच त्याच्या अनुभवाचे सोने होते.

अमडापूरसारख्या गावातील मार्गदर्शकाला वर्षभर पतियाळाला जाऊन राहणे शक्य नसते. त्याच्या घरी शेती वा नोकरी असते आणि शिकविण्याचे मानधन बहुधा नगण्य असते. त्याला उपयोगी पडेल असे शिक्षण मराठीत असावे लागेल, चिखली वा बुलडाण्याच्या अंतरावर असावे लागेल आणि सुट्ट्यांत पुरे होण्याजोगे असावे लागेल. त्यानंतर वर्षातून काही वेळा एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाने त्याच्या मैदानावर येऊन सराव पाहणे, हा त्या शिक्षणाचाच भाग मानावा लागेल. अडीच तासांच्या कार्यशाळेने मुलांची गळती घटू शकते, तर हे काम खर्चाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

पालकांनी काय पाहावे?

पाल्याला प्रशिक्षकाकडे सोपविताना प्रमाणपत्राची चौकशी अवश्य करावी, मात्र तेवढ्यावर थांबू नये. पुढील गोष्टी एकदा मैदानावर जाऊन पाहता येतात.

– सरावापूर्वी शरीर तापविणे आणि शेवटी ते शिथिल करणे नियमित होते का?
– वय व क्षमता पाहून मुलांना वेगवेगळा सराव दिला जातो का?
– चूक झाल्यावर प्रशिक्षक ती कशी सुधारायची हे सांगतो, की केवळ रागावतो?
– प्रत्येक मुलाच्या प्रगतीची लेखी नोंद ठेवली जाते का?
– दुखापत झालेल्या मुलाला विश्रांती मिळते, की तसेच खेळविले जाते?
– कोणतेही पूरक औषध वा पावडर घेण्याचा आग्रह होतो का?
– मागील वर्षीची किती मुले यंदाही मैदानावर येतात?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पदके थोड्यांनाच मिळतात. चांगल्या प्रशिक्षकाचे मैदान मात्र दरवर्षी भरलेले असते, आणि उद्याचा पदकविजेता त्याच गर्दीत उभा असतो.